धुराचं दार

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घोंगडी कातरणं. अंगणात ती एक टोक धरून बसली होती, दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याखाली, आणि मधून मी कातर चालवत होतो. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या पाहिजे होत्या. निजामाचं राज्य जाऊन महिना झाला नसेल. यंदा जिनिंगचा कारखाना सुरू होतो का नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथल्या मुन्शीनं निरोप धाडला होता, मिस्त्री, दाराच्या पट्ट्या बदलून ठेवा. दसऱ्याच्या आधी पट्ट्या बदलायच्या, हे आमचं दर सालचं काम.

“ताणून धर,” मी म्हणालो.

“ताणूनच धरलंय. तुमचीच कातर वाकडी चालून राहिली.”

“माझी कातर आजवर वाकडी गेली न्हाई.”

“मंग डोळा वाकडा असंल.”

मग तिला खोकला आला. बराच वेळ आला. पण हातातलं टोक तिनं सोडलं नाही. खोकला थांबला तशी म्हणाली, “चालवा.” तीन पट्ट्या झाल्या. चौथीला तिनं टोक खाली ठेवलं आणि म्हणाली, “जरा पडते मी.” तिसऱ्या प्रहरी ती गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं.

त्या पट्ट्या कशाच्या, ते सांगितल्याशिवाय ती कोण होती ते कळायचं नाही.

मी सुतार. दहा-बारा वर्षांखाली हिंगोलीतल्या एका जिनिंगच्या कारखान्यात मी कामाला होतो. एका लांब खोलीत रेचे होते, म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं. शेजारच्या खोलीत पंचवीस-तीस बाया बसून कापसातला पालापाचोळा निवडायच्या. माझी बायको त्यांच्यातच. टोपली भरली की उचलून रेच्यांच्या खोलीत नेऊन ओतायची. दोन्ही खोल्यांच्या मधे दार नव्हतं, नुसती चौकट होती.

एकदा विम्याचा साहेब आला. सगळा कारखाना फिरला आणि त्या रिकाम्या चौकटीत येऊन उभा राहिला.

“इधर दरवाजा क्यों नहीं?”

मी म्हणालो, “लावतो की साहेब. जाड फळ्या, वरून पत्रा. आग हिकडची तिकडं यायची न्हाई.”

“आग की बात नहीं, मिस्त्री. आदमी आग से बाद में मरता. पहले धुएँ से मरता.”

मग त्यानं सांगितलं, कुठल्याशा कारखान्यात कापूस पेटला, आणि शेजारच्या खोलीतल्या बाया बसल्या जागी गेल्या. केससुद्धा जळला नव्हता. मला ते पटलं नाही. धुरानं माणूस मरायचं असतं तर आमच्या घरातली एकही बाई जिवंत राहिली नसती, असं मी मनात म्हणालो. हसलोही असेन.

घरी येऊन बायकोला साहेबाचं मागणं सांगितलं. दार आपोआप लागलं पाहिजे. कडी-कोयंडा नको. पळताना धक्का मारला की पळायच्या बाजूलाच उघडलं पाहिजे. बाया ठेचकाळतील म्हणून उंबरा नको. आणि कुठून फट नको.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, “उंबरा बी नको आन् फट बी नको? साहेबाला म्हणावं, तूच कर.”

मी केलं. सागाच्या फळ्यांचे दोन थर, एक उभा, एक आडवा. रेच्यांच्या बाजूनं पत्रा. वर कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला तराजूचं जुनं वजन. दार ओढून सोडलं की वजन खाली यायचं आणि दार आपलं आपण लागायचं. मुन्शी चार वेळा उघडून बघायचा, लेकरासारखा.

फट बघायची कशी? कारखाना बंद असला की मी रेच्यांच्या खोलीत घमेल्यात ओल्या गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवायचो. दाराच्या दुसऱ्या अंगाला बायको बसायची, कडेला नाक लावून. तिच्या नाकासारखं नाक मी बघितलं नाही. मी ओरडून विचारायचो, “कुठून येतंय?”

“सगळीकडून येतंय! दार केलं का चाळण केली?”

मी पुन्हा रंधा मारायचो. तीन दिवसांत वरची आणि बाजूची फट गेली. खालची जाईना. उंबरा नाही म्हटल्यावर खाली बोटभर जागा ठेवावीच लागते, नाहीतर दार फरशीला घासतं. तिसऱ्या दिवशी साहेब बघायला आला. ती दारापाशी बसलेली, डोळे लाल, पदरानं नाक पुसून राहिली होती.

साहेब म्हणाला, “औरत को तकलीफ होती होगी.”

मी म्हणालो, “सवय हाये साहेब तिला. जन्म चुलीपुढं गेला.”

ते वाक्य मी बोललो होतो, हे मी आता लपवत नाही.

खालच्या फटीवर उपाय तिनंच काढला. म्हणाली, “लोकर लावा. चुलीत लोकर पडली तर भडकत न्हाई, नुसती आकसती आन् घाण सुटती.” धनगरवाड्यावरून घेतलेली एकच घोंगडी घरात होती. तिनं ती आणून माझ्यापुढं टाकली.

“आन् थंडीत काय पांघरायचं?” मी विचारलं.

“तुमी हायेत न्हवं? तुमचं तोंड चालतंय तवर थंडी कुठली.”

पट्ट्या मारल्या. खाली, वर, दोन्ही बाजूंना. मग घमेलं ठेवलं आणि ओरडलो, “कुठून येतंय?” पुन्हा ओरडलो. मग ती म्हणाली, “कुठूनच न्हाई. झोप लागली होती मला.”

दार झालं. पण दार होऊन भागत नाही.

पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला मी बघतो तर दाराला दगड लावलेला, दार सताड उघडं. दिवसभर बाया गुमान दार ओढायच्या, लागू द्यायच्या. अंधारून आलं, कंदील लागले, की दगड. मुकादम ओरडला. मी ओरडलो, “साहेबानं सांगितलंय!”

एक म्हातारी म्हणाली, “साहेबाच्या घरी लक्ष्मी मोटारीतून येत असंल. आमच्याकडं दारातून येती.”

दिवेलागणीला दार लावायचं नाही, लक्ष्मी माघारी जाते. लहानपणापासून ऐकलेलं. त्यांना मी काय सांगणार? घरी येऊन बायकोवर तापलो.

“तू तरी सांगायचं त्यांना.”

“मी काय सांगू? परवा दगड मीच लावला होता.”

“तू?”

“मंग? सांजच्या पारी दार लावून बसू? माझ्या हातानं घरात दळिद्र आणू?”

मी तिला सरळच सांगितलं. “आग लागली तर त्या खोलीत तू हायेस. साहेब म्हणतो ते खरं असंल तर तू बसल्या जागी जाशील. मंग मी लक्ष्मीला घेऊन काय करू?”

असलं मी कधी बोलत नसे. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, “बघते.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती त्या म्हातारीपाशी जाऊन बसली. मी चौकट तपासायचं निमित्त करून तिथंच होतो.

“मावशे, सांजच्याला पुढलं दार उघडं ठेवतो. आन् मागलं?”

“मागलं लावतो की. न्हाई तर आलेली लक्ष्मी तशीच मागून निघून जाती.”

“व्हय ना? मंग हे दार कोणतं?”

म्हातारीनं मान वळवली. अंगणातलं दार, जिथून कापसाच्या गाड्या यायच्या, ते पुढलं. हे रेच्यांच्या खोलीकडचं ते मागलं. सगळ्या बाया तिकडं बघायला लागल्या, आणि मग एकमेकींकडं.

“अगं माय,” म्हातारी म्हणाली, “आठ दिस झाले, आपुन लक्ष्मी हाकलून राहिलो.”

दगड कुणी उचलला ते मला दिसलं नाही, पण येऊन पडला तो माझ्या पायापाशी. त्या दिवसापासून दिवे लागले की एक बाई जाऊन दार नीट लागलं का बघायची. शुक्रवारी दाराच्या फळीला हळदी-कुंकवाची बोटं लागायची. साहेबाच्या कागदावर त्याचं नाव काय होतं ते असो, बाया त्याला मागलं दार म्हणायच्या.

दोन वर्षांनी माघात रेच्यात खडा गेला, ठिणगी उडाली आणि कापूस पेटला. दिवेलागणीचीच वेळ. मी अंगणातल्या मांडवात रंधा मारत होतो. रेच्यांच्या खोलीच्या कौलांतून काळा धूर निघाला, एकदम, पोत्यातून भुसा सांडावा तसा. माणसं पलीकडच्या मोठ्या दारानं खोकत बाहेर पडली. मी ओरडत बायांच्या खोलीकडं धावलो. माझे पाय कुठं पडत होते, मला ठाऊक नाही.

बाया बाहेर येत होत्या. एकीमागं एक, कुणी चपला हातात घेऊन, कुणी टोपली कडेवर घेऊन. ती सगळ्यांत शेवटी, म्हातारीला दंडाला धरून.

“काहून बोंबलून राहिले?” मला म्हणाली. “आलो की आमी.”

“धूर?”

“धूर कुठला? लोकर जळाल्याची घाण सुटली, तवा कळलं. म्हटलं, मागल्या दाराला कायतरी झालं, चला पुढल्यानं.”

म्हातारी म्हणाली, “आमच्या लक्ष्मीला मातूर जाऊ दिलं न्हाई!” आणि रडायला लागली.

रेच्यांची अर्धी खोली जळाली. माणूस एक गेलं नाही. आग विझल्यावर मी बायांच्या खोलीत गेलो. दाराच्या कडेच्या पट्ट्या करपून कडक झाल्या होत्या, पण खोलीत पांढरा कापूस पांढराच होता. मी तिथं उभा राहून श्वास घेतला. पोटभर घेतला. साहेब खोटं बोलला नव्हता, हे मला तेव्हा पटलं.

एवढं पटलं, तरी मी शहाणा झालो नाही.

तिला खोकला कधी लागला, सांगता येत नाही. आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा. चढण चढवेना, मग ओझं उचलेना. तिनं कारखाना सोडला. मुलाचं लग्न झालं, सून आली, तिनं चूल हातात घेतली. औंदा श्रावणात मी बैलगाडी जुंपून तिला कळमनुरीच्या बाजारच्या दिवशी हकिमाकडं नेलं. हकीम भला माणूस. तिच्या पाठीला कान लावून बराच वेळ ऐकलं.

“सीने में धुआँ बैठा है,” म्हणाला. “काम किधर करते?”

मी सांगितलं, जिनिंगमधे करत होती. आणि वर हेही सांगितलं, “तिथं धूर येत न्हाई. दार मी केलंय.”

“और घर में? घर का धुआँ किधर से जाता?”

आमचं घर माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं. तसल्या घरात चुलीच्या वर छताला भोक ठेवतात. सवणं म्हणतात त्याला. उजेड आत, धूर बाहेर. ते सवणं मी बुजवलं होतं. मुलगा रांगत होता त्या पावसाळ्यात तिथून पाणी गळायचं. मी वर फरशी ठेवली आणि मातीनं लिंपून टाकली, चार दिवसांसाठी. मला फट दिसली की बुजवावीशी वाटते. ती दोन-चारदा म्हणाली होती, उघडा की. मी म्हणालो, बघू. वीस वर्षं झाली.

परत येताना गाडीत ती माझ्याकडं बघून म्हणाली, “त्या हकिमाला काय कळतंय? दाढी तेवढी मोठी.” मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली. मला ते तेव्हाही कळलं.

मी ठरवलं, पाऊस उघडला की फरशी काढायची. पाऊस उघडला. मग राज्य बदलायची पळापळ, आठ दिवस कुणी घराबाहेर पडलं नाही. मग मुन्शीचा निरोप आला. आणि मी घरचं छत तसंच ठेवून कारखान्याच्या पट्ट्या कातरायला बसलो. तिलाच घेऊन.

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, शिडी लावली आणि पहार घेऊन माळवदावर चढलो. सुतकात चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी येते. चूल थंड होती. काम करायचं तर तेव्हाच.

मुलगा खालून म्हणाला, “आबा, सुतकात हत्यार धरतेत का? लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणावं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.”

माती दगडासारखी झाली होती. अर्धा प्रहर लागला. फरशी निघाली तशी बोटभर जाडीची काजळी ढेकळांनी खाली पडली. सून चुलीपाशी उभी होती, पदर तोंडाला लावून.

“सर बाजूला,” मी म्हणालो.

“सरते मामा. तुमी सांभाळून.”

फरशी चांगली शहाबादी होती, कुठंही कामाला आली असती. मी तिचे पहारीनं चार तुकडे केले आणि परसात फेकून दिले.