उनाइसी खांबाशी बोलली

कादावू बेटावरील आपल्या गावात उनाइसी आरोग्यसेविका होती. कोणाच्या घरी काय दुखते-खुपते हे तिला ठाऊक असे. परंतु एका घरचे तिने दुसऱ्या घरी कधी नेले नाही, म्हणून बायका तिच्यापाशी मन मोकळे करीत. केवळ एका घरात तिची जीभ बांधलेली होती. ते घर तिच्या धाकट्या भावाचे, आपाकुकीचे. वयात आलेल्या बहीण-भावाने एकमेकांशी समोरासमोर बोलू नये ही तेथील जुनी मर्यादा. मग बाळंतपणाचा विषय तर दूरच राहिला.

आपाकुकीची बायको केलेरा हिला चौथ्या मुलीच्या वेळी एवढा रक्तस्राव झाला की दवाखान्याच्या वाटेवर, होडीतच ती थंड पडू लागली होती. पुन्हा दिवस राहिले तर जिवाची खात्री नाही, असे नर्सने बजावले होते. दंडात एक बारीक काडी बसवली की काही वर्षे गर्भ राहत नाही. त्यासाठी नर्स शुक्रवारी गावात येणार होती. केलेराला काडी हवी होती. आपाकुकीला मुलगा हवा होता.

"नर्स नवऱ्याला विचारत नाही गं," उनाइसीने तिला सांगितले.

"ते खरं, वन्सं. पण मी काय चोरी करतेय, लपूनछपून करायला? त्यांना कोणीतरी नीट समजावून सांगा."

उनाइसीने हे काम मामेभावावर, साइरुसीवर सोपवले. मामे-आतेभावांना तेथे एकमेकांची हवी तशी थट्टा करण्याची मुभा असते. संध्याकाळी पुरुष यंगोना हे मुळ्यांचे पेय पीत बसले असता साइरुसीने विषय काढला.

"काय रे, पुन्हा बायकोला होडीत घालणार, की या खेपेला तूच बाळंत होणार?"

"मी झालो तर मुलगा तरी होईल!" आपाकुकीने परतवले.

मंडळी खो-खो हसली, वाटी पुढे सरकली आणि गोष्ट तेथेच विरून गेली. मामेभावाच्या तोंडचे कोण खरे मानतो? जिवाचा प्रश्न आपण थट्टेखोराच्या हाती दिला, हे उनाइसीला फार लागले.

गुरुवारी ती स्वतः भावाच्या घरी गेली. आपाकुकी दाराशी जाळे सांधीत होता. त्याच्याकडे पाठ करून ती मधल्या खांबासमोर बसली. लेकी बोले सुने लागे, हाच मार्ग आता उरला होता.

"ऐक रे खांबा. त्या दिवशी होडीत केलेराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरेफटक पडले होते. मी देवाला म्हटलं, बाळ गेलं तरी चालेल, पण हिला ठेव. असं मागायची वेळ माझ्यावर पुन्हा आणू नकोस."

जाळ्यावरचा हात थांबला. आपाकुकी म्हणाला, "खांबाला म्हणावं, मी किनाऱ्यावरच उभा होतो. सगळ्या बायका म्हणाल्या, काळजी करू नको, सगळं ठीक आहे. एवढं झालं होतं हे मला कोणी सांगितलंच नाही."

तेवढ्यात केलेरा ओल्या हातांनी चुलीपासून उठून आली.

"खांबाचं झालं असेल तर मी बोलू का? जीव माझाच आहे म्हणून विचारते. मी उद्या काडी बसवून घेणार. तुमची परवानगी नको मला, सोबत हवीय."

"आणि मुलगा?"

"काडी काढता येते हो. मी गेले तर परत येणार नाही."

आपाकुकीने मान खाली घातली. तो पुन्हा जाळे सांधू लागला.

शुक्रवारी सभाघराबाहेर बायकांची रांग बसली होती. अशा दिवशी तिकडे पुरुष फिरकत नसत. धाकट्या मुलीला कडेवर घेऊन आपाकुकी केलेराच्या मागोमाग आला, तेव्हा तरुण पोरी तोंडाला हात लावून हसू लागल्या. त्याचे कान लाल झाले, तरी तो उभा राहिला.

"खिदळता काय? सरका जरा, बापाला बसू द्या," एका म्हातारीने चटईवर जागा केली.

केलेरा आत गेली. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"अहो, आहात ना बाहेर?"

"आहे," तो म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.