तिच्या छातीत काय बसवलंय, कुणालाच माहीत नाही

मैत्रिणींनो, दुपारी घरी आले, पण सकाळचं डोक्यातून जातच नाहीये. तिला विचारून लिहितेय, नाव तेवढं बदललंय.

माझ्या मैत्रिणीने, शर्वरीने, सहा वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका क्लिनिकमध्ये स्तन मोठे करायची सर्जरी केली होती. महिनाभरापासून तिची डावी बाजू कडक झालीये, दुखतेय. म्हणून आज मुलुंडच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो.

त्यांनी तपासलं आणि विचारलं, "इम्प्लांट कुठल्या कंपनीचं? त्याच्या नाव-नंबरचं कार्ड दिलं असेल ना?"

शर्वरी म्हणाली, "कार्ड कसलं? क्लिनिकवाले तर म्हणाले, एकदा बसवलं की आयुष्यभर बघायला नको."

मॅडम म्हणाल्या, "असं कुठलंच इम्प्लांट नसतं. स्कॅन करून घ्या. आणि जुने पेपर शोधा."

तिथून थेट घाटकोपर गाठलं. क्लिनिकच्या जागी आता कोचिंग क्लास आहे. फोन नंबर बंद. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो कब के चले गये. आपसे पहले भी दो-तीन लेडीज पूछने आयी थीं."

रिक्षात शर्वरी एवढंच म्हणाली, "माझ्या आत काय घातलंय गं त्यांनी?"

सोमवारी स्कॅन आहे.

कुणी ही सर्जरी करणार असाल, तर डॉक्टरची डिग्री, इम्प्लांटचं नाव आणि पुढे त्रास झाला तर कोण बघणार, हे सगळं लेखी घ्या. लाजू नका.

आणि त्या दोन-तीन जणींपैकी कुणी हे वाचत असेल, तर मला मेसेज कर गं. तू बरी आहेस ना?