डोंगरावरचा किल्ला आणि माझी तिसरी परीक्षा

चित्रासमोर उभं राहून पाय दुखतात आणि किस्से साठतात! सिंगापुरात दर सोमवारी टॅम्पिनीसच्या घरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, म्युझियमला जायचं, हौशी गाईड व्हायला शिकायचं. वर्गात मराठी दोघीच. मी आणि पुण्याच्या नंदाताई. शिकवायला लिम मॅडम. परीक्षेला लोकांना दालनातून फिरवत न्यायचं, पण समजवायचं एकच चित्र, काही महिन्यांसाठी युरोपातून पाहुणं आलेलं. पाचशे वर्षांपूर्वीचे जलरंग, डोंगरावर किल्ला, खाली रिकामी वाट. तीनच संधी. त्यातल्या दोन मी घालवल्या!

*

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काय दिसतं?"

कुणी प्रकाश म्हणालं, कुणी धुकं. नंदाताईंनी निम्मं आयुष्य सह्याद्रीतले किल्ले चढण्यात घालवलेलं. त्यांनी चष्मा वर केला.

"बांधलाय झकास, पण पाण्याचं टाकं कुठंय? वेढा पडला तर आठ दिवसांत शरण!"

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

*

माझी पहिली परीक्षा. लोकांना घेऊन दालनात शिरले आणि पाय आपोआप डावीकडे वळले, देवळात वळतात तसे. चित्रांचे नंबर उजवीकडून!

मॅडम म्हणाल्या, "तू शेवटापासून सुरू केलंस."

"पण मॅडम, उलटी प्रदक्षिणा कशी घालू?"

नापास.

*

दुसऱ्या वेळी सगळं पाठ केलं. दहा मिनिटांचं भाषण दोन मिनिटांत संपलं! उरलेला वेळ मी चित्रासमोर हात जोडून उभी.

नंदाताई मागून पुटपुटल्या, "अगं, आरती झाली, आता प्रसाद तरी वाट!"

*

घरी सराव करावा म्हटलं, तर लेक इथल्या बोलीत म्हणते, "आई, इट्स जस्ट अ कासल, लाह!"

ह्यांना चित्राचा फोटो दाखवला. लॅपटॉपवरून अर्धी नजर उचलून म्हणाले, "व्ह्यू चांगलाय. एमआरटी किती लांब?"

*

तिसरी परीक्षा आली ती माझ्या सोळा सोमवारांतल्या दहाव्या सोमवारी. पोटात फक्त दूध आणि केळं, पाय सुजलेले. शंकराचं नाव घेतलं आणि उभी राहिले. चित्रकार, रंग, काळ, सगळं डोक्यातून पुसलं गेलं!

मॅडमनी पेन उघडलं. "त्या किल्ल्यात कोण राहतं?"

मी किल्ल्याच्या खिडकीकडे बघितलं. मग तोंडातून निघून गेलं, "एक बाई. तिचा नवरा सातपर्यंत येतो म्हणून सांगून गेलाय."

"वाटेवर कुणीच का नाही?"

"ती दर पाच मिनिटांनी खिडकीतून बघते ना, म्हणून. बघत बसलं की कुणी येत नाही."

मॅडम चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मार्कांचा कागद हातात तसाच कोरा.

मग हळूच म्हणाल्या, "मग? आला का तो?"