राखून ठेवलेली खुर्ची

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं ठाऊक नाही.

माझी बायको नलू अकरा वर्षांची होईपर्यंत टांझानियात, दार-ए-सलामला वाढली. तिचे वडील तिथे शाळेत शिकवायचे. तिकडची स्वाहिली भाषा ती शेजारच्या मुलींबरोबर खेळता खेळता शिकली. लग्न होऊन आमच्या बोरीवलीच्या घरी आली तेव्हा सुरुवातीला तिकडच्या गोष्टी सांगायची. आमच्याकडे कोणाला त्यात रस नव्हता. मलाही — हो, मलाही नव्हता. हळूहळू तिनं सांगणं सोडलं. का सोडलं, हे मी कधी विचारलं का? नाही.

दोन वर्षांपूर्वी पार्ल्याच्या एका कॉलेजात आफ्रिकन सिनेमांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. तीन दिवस, प्रवेश फुकट. पेपरातली बातमी कापून तिनं फ्रिजवर लावली, म्हणून शुक्रवारी घेऊन गेलो. पहिलाच सिनेमा स्वाहिलीत. आम्ही सगळे खालच्या इंग्रजी ओळी वाचत होतो आणि नलू आमच्याआधीच हसत होती. एकटीच. लोक वळून बघायला लागले. मी तिच्या कोपराला हात लावून म्हटलं, हळू. तिला ऐकूच गेलं नाही.

नंतर बाहेर त्या सिनेमाची दिग्दर्शिका भेटली — टांझानियाची, तिशीतली मुलगी. नलू तिला काहीतरी म्हणाली आणि त्या मुलीनं तिचे दोन्ही हात धरले. अर्धा तास दोघी बोलत होत्या. आधी नलूचे शब्द अडत होते, मग अडेनासे झाले. आवाज मोठा, हातवारे, डोळे भरलेले. मी तिची पर्स आणि चहाचे दोन कप सांभाळत उभा. अडतीस वर्षांच्या संसारात ही बाई मी पाहिलीच नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. माझ्यावाचून तिचं एवढं काही होतं — आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

रविवारी त्या मुलीचा दुसरा सिनेमा होता, नलूच्या लहानपणच्या वस्तीत काढलेला. त्यानंतरच्या गप्पांत नलूनं दोन शब्द बोलावेत, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. स्वतःचा नंबर आठवेना, म्हणून नलूनं तिला माझा दिला.

रविवारी सकाळी नलूनं त्या मुलीसाठी नारळाच्या वड्या केल्या. ठेवणीतली साडी नेसली. दाराशी चप्पल घालत होती तेव्हा मी फोनकडे बघत म्हटलं, "अगं, मेसेज आलाय. हॉल भरलाय, येऊ नका म्हणतायत."

मेसेज आलाच नव्हता.

मला वाटलं, ती फोन मागेल. म्हणेल, उभ्यानं बघू. तिनं चप्पल काढली. "असू दे," म्हणाली. "फुकट म्हटल्यावर गर्दी होणारच."

साडी बदलली. वड्या शेजारी दिल्या.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग खरोखरच मेसेज आला — नलूसाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे, आम्ही तिची वाट बघतोय. निदान तेव्हा तरी फोन तिच्या हातात देता आला असता. मी मेसेज पुसला, नंबर ब्लॉक केला. नलू आतल्या खोलीत उशांचे अभ्रे बदलत होती.

पुढे कितीतरी दिवस ती सोसायटीत बायकांना सांगायची — यांनी मला मुद्दाम नेलं हो, दुसऱ्यांदा जागा नव्हती, त्याला हे काय करणार. मी समोर बसून ऐकायचो.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. चार महिनेच मिळाले. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी हॉस्पिटलात आम्ही दोघंच होतो. तिनं एकदम विचारलं, "अहो, त्या मुलीनं फोन करते म्हटलं होतं, तुमच्या नंबरवर. कधी आला नाही ना?"

खरं बोलायला याहून वेगळी वेळ कुठली मिळणार होती? ती चिडली असती, तोंड फिरवून झोपली असती — तर झोपू द्यायचं होतं. तेवढा तिचा हक्क होता.

मी म्हटलं, "नाही गं."

बरं, म्हणाली. आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझ्या हातावर हात ठेवून पडून राहिली.