बुजवलेला जेट

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा शहापूरच्या दुकानात माझं एका गिऱ्हाइकाशी जुन्या स्कूटरवरून भांडण चाललं होतं. भास्करची बायको, सुनंदावहिनी, पलीकडून म्हणाली, "भाऊ, हे गेले... छातीत कळ आली नि गेले." मी तिच्यावरच ओरडलो, "काहीतरी काय बोलता! माझी गाडी खोलून ठेवलीय त्याने." जणू गाडी खोललेली असली की माणसाला मरता येत नाही.

जुन्या गाड्या घ्यायच्या नि विकायच्या, या धंद्यात मी कुणाच्या आधाराशिवाय उभा राहिलो. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण पहिली घेतलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल कधी विकली नाही. तिचं इंजिन मुरबाडच्या माझ्या मेकॅनिकने, भास्करने, स्वतःच्या अंदाजाने बांधलेलं, त्यामुळे बाजारातल्या नव्या जेटवर ती अडखळायची. यंदा वाटेत बंद पडली म्हणून वाशिंदला एकाने कार्बोरेटर साफ केला आणि पेट्रोल सोडणाऱ्या त्या पितळी जेटचं भोक तारेने कोरून मोठं केलं. पेट्रोल जास्त जायला लागलं: काळा धूर, काळा प्लग. मी तडक मुरबाड गाठलं.

भास्करची रीत मला पाठ होती. भोक कथलाने पार बुजवायचं, बारीक ड्रिल बोटांत फिरवून जरासं उघडायचं, मग जेट ओठांत धरून फुंकायचा. हवी तशी शिटी आली की जेट बसवून माळशेजच्या रस्त्याला चढावर गाडी पळवायची आणि प्लग काढून बघायचा. प्लगला चहाचा रंग आला, म्हणजे पेट्रोल नेमकं, की भास्कर हसायचा. त्या दिवशी त्याने जेट बुजवला आणि स्टुलावर बसून राहिला.

"आजच पायजे," मी म्हणालो.

"शेठ, जेट म्हंजे काय भेंडी हाय, घासाघीस करायला? शिटी उद्या काढू. आज दम नाय."

"दम नाय म्हंजे? डोंगर चढून आलास काय रे?"

"चढलो की. मघापासून तुझ्याशी बोलतोय ना!"

मीही हसलो. चहा पिऊन, गाडी तिथेच सोडून निघालो. मग तो फोनच आला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीने जेट माझ्या हातावर ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं व्हतं. तुमाला सांगू नको म्हनाले. तुमी भांडून उचलून न्याल म्हनाले." हो, नेलं असतं! शिव्या घालून, बांधून नेलं असतं. उभ्या मुरबाडला ठाऊक होतं आणि मला नाही. हे मी त्याला माफ करणार नाही... आणि ऐकवायचं तरी कुणाला?

तीन मेकॅनिक म्हणाले, नवा जेट टाका, इंजिन नव्याने बांधा, चालेल. चालेल हो. पण मग त्यात भास्करचं काय उरेल? ड्रिल मी आणून ठेवलंय. भोक केसभर जास्त उघडलं तर त्याने भरलेलं कथील गेलं, आणि पुन्हा भरायला तो नाही. किती उघडायचं ते त्या शिटीवरच कळायचं. ती शिटी आठवायला बसतो तर कानात त्याचं हसणं येतं, शिटी येत नाही.

रोज दुकान उघडलं की गल्ल्यातून जेट काढतो, त्याच्यासारखाच ओठांत धरतो आणि फुंकतो. गाल फुगतात, डोळ्यांत पाणी येतं. ड्रिल हातात घेतो... आणि परत ठेवतो.