टीचरसाठी निवडलेल्या रहस्यकादंबऱ्या

यांना जाऊन वर्ष होत आलं. हे जन्मभर रहस्यकादंबऱ्या वाचत आले, पण घरात आज एकही नाही. सगळ्या वाचनालयाच्या, आणायच्या, वाचायच्या, परत करायच्या. त्यामुळे यांना कोणत्या आवडत होत्या हे कपाट बघून कळत नाही. टीचरला विचारावं लागतं.

मी शिकवायची त्याच शाळेत टीचरही शिकवायची. राहायला उत्तनजवळच्या पालीला. शनिवारी शाळा सुटली की उत्तनची एसटी येईपर्यंत ती भाईंदरला आमच्याकडे बसायची. यांची कचेरीही शनिवारी अर्धा दिवस. कचेरीजवळच्या वाचनालयातून हे कादंबऱ्या घेऊनच घरी येत. मग मी आत चहा टाकायची आणि बाहेरच्या खोलीत खून सुरू व्हायचे.

"ही घ्या टीचर. दीपगृहात चौघं अडकलेत, सकाळी तिघंच उठतात. सुरुवात कंटाळवाणी आहे, पण सोडू नका. सगळं तिथेच ठेवलंय."

"मागची काय भिकार दिलीत, दादा. वैद्यानं दिवाणाला विष घातलं. वैद्यच घालनार ना? कोळीण घालेल काय?"

"कुठे कळलं तुम्हाला?"

"वैद्य आला तवाच. लय गोड बोलत होता."

शाळेत पुस्तकी बोलणारी टीचर आमच्याकडे आली की घरची बोली बोलायची. आणि हे हसायचे. माझ्यासमोर सहसा न येणारं, मोकळं हसू.

खुनी सुरुवातीलाच भेटायला हवा, शेवटी कुठून तरी आणलेला चालणार नाही. हेराला दिसलं ते वाचकालाही दिसायला हवं. खुनी कळल्यावर पुन्हा वाचावीशी वाटली, तरच ती कादंबरी दुसऱ्याला द्यावी. यांची ही मतं मला पाठ आहेत, पण ती सगळी स्वयंपाकघरातून ऐकलेली.

मला कादंबरी मिळायची ती तांदळाच्या डब्यावर ठेवलेली.

"कशी आहे?"

"वाच."

एवढं बोलून हे चपला घालून मिठागरांकडे फिरायला निघून जात. वाचून झाल्यावर बोलत, नाही असं नाही. मला हवं होतं ते आधीचं बोलणं, हातात पुस्तक धरून ते सोपवतानाचं. मी बी. ए. झालेली. टीचरपेक्षा माझं वाचन कितीतरी जास्त. तरी दीपगृह तिच्या वाट्याला आणि तांदळाचा डबा माझ्या.

"एसटी लागली असेल हं," मी आतून सांगायची.

"लागू दे बाई. खुनी सापडल्याबिगर मी उठत न्हाय."

लढाईच्या दिवसांत ब्लॅकआउटसाठी आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवत होतो, तेव्हा मी यांना एकदा विचारलंच. "टीचरला एवढं रंगवून सांगता. मला का नाही?"

"तुला सांगायची गरज पडत नाही," हे म्हणाले, आणि पुढचा कागद मागितला. त्या उत्तराने मी कित्येक दिवस जळत होते.

हे गेल्यावर दिवसकार्य झालं आणि टीचर भेटायला आली. तिने चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाली, "बाई, दादा तुम्हाला लय घाबरायचे."

"मला?"

"म्हनायचे, लग्न झालं तवा हौसेनं चार पुस्तकांची गोष्ट सांगाया बसलो, तर हिनं चारी वेळा पुस्तक न उघडताच खुनी सांगितला. माझ्या तोंडाकडं बघून. सांगितलं की हिचं वाचनच नासतं. म्हनून आता ठेवतो नि पळतो."

खरं होतं. खुन्याचं नाव निघालं की यांची नजर जरा खाली जायची. मी गंमत म्हणून ओळखायची, आणि पुढे मी ते विसरूनही गेले होते.

ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मनात पहिलं आलं ते हे, की यांनी हे तिला कधी सांगितलं? कोणत्या शनिवारी? मी तेव्हा आतच असणार. इतकी वर्षं ते बोलणं तिच्याजवळ होतं, आणि तिने ते सहज, चहा पिता पिता मला दिलं.

"अजून काय म्हणायचे?" मी विचारलं. हे तिला आपणहून सांगायचे. मला विचारावं लागत होतं.