फौजी आणि साकव

कुंडलजवळच्या आमच्या गावातून इंग्रजांच्या वेळचा कालवा जातो. घर एका काठाला, ऊस दुसऱ्या काठाला आणि मधे दगडी साकव. जेमतेम दोन हात रुंद, कठडा नाही. लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा पहिल्या दिवशी मी तो बसून, सरकत सरकत ओलांडला. धुणं धुणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पान्याकडं बघू नगंस. माज्या पाठीकडं बघत चल." महिन्याभरात मी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ताठ मानेनं जायला लागले.

मालक फौजेत. सुट्टीवर आले की शेतात जायला मोटारीच्या पुलावरून वळसा घालायचे. विचारलं तर म्हणायचे, "चालायची सवय हाय." मला ते खरंच वाटायचं.

एका दुपारी सासूबाईंनी पलीकडून हाक घातली, "म्हस अडलीया! रेडकाचा एकच पाय भाईर आलाय!"

असल्या कामात मालकांचा हात बसलेला. आम्ही दोघं पळत सुटलो. साकवापाशी मात्र ते थबकले. कपाळावर घाम.

"तू हो म्होरं. मी पुलावरनं येतो."

"तवर म्हस मरंल की!"

ते हळूच म्हणाले, "ल्हानपनी हितनं पडलोय. तवाधरनं पाय उचलत न्हाई."

बर्फात पहारा देणारा माणूस! पण मला हसू आलं नाही. त्या काळी नवऱ्याच्या बरोबरीनं चालणंसुद्धा वावगं, तरी मी हात पुढं केला. "आवं, धरा. माझ्या पाठीकडं बघा."

धुण्याचा आवाज थांबला. त्यांनी हात इतका घट्ट धरला की माझी एक बांगडी फुटली. मधोमध ते अडखळले. मी मागं न बघता म्हणाले, "चला." आणि ते चालले.

त्यांनी रेडकाचा पाय आत सारला, दुसरा शोधला आणि बेतानं ओढून काढलं. रेडी झाली, धडधाकट.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज तशीच ये-जा केली. गावात कुजबूज झाली. एकीनं तोंडावर टोमणा मारला, तेव्हा सासूबाई कडाडल्या, "तिनं न्हाई धरायचा तर कुनी धरायचा हात?"

निघायच्या आदल्या दिवशी मालक म्हणाले, "आज तू हितंच थांब." ते एकटे पलीकडं गेले, वळले आणि तसेच परत आले. मी काठावर कमरेवर हात ठेवून बघत होते.